ऑब्लाँगला मराठीत काय म्हणतात?

आत्ता तुमच्या आजूबाजूला बघा. टेबलावर मोबाइल आहे, टीव्हीचा रिमोट आहे, खोडरबर आहे. स्वयंपाकघरात एखादं केळं असेल, बटाटे असतील. भिंतीवर आरसा असेल. या सगळ्या वस्तू वेगवेगळ्या आहेत, पण त्यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. त्या एका दिशेनं जास्त वाढल्या आहेत. त्यांची लांबी रुंदीपेक्षा जास्त आहे. इंग्रजीत अशा आकारासाठी एक सोयीचं विशेषण आहे : ऑब्लाँग.

मी मराठी शिकवते. दर वर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, "ताई, ऑब्लाँगला मराठीत काय म्हणतात?" मी उलट विचारते, "कशाबद्दल बोलतोयस?" मुलांना वाटतं, ताईंना उत्तर येत नाही, म्हणून त्या वेळ काढतायत! तसं नाही. हा उलटा प्रश्न विचारल्याशिवाय मराठीत उत्तर देताच येत नाही. असं का, ते तुम्हाला सांगते.

आधी इंग्रजी शब्दाची नीट ओळख करून घेऊ. तो तुमच्या रोजच्या भाषेतला आहे, म्हणूनच कदाचित तुम्ही त्याच्याकडे थांबून बघितलं नसेल. हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या पोटात 'लाँगुस' हा शब्द आहे. लाँगुस म्हणजे लांब. पंधराव्या शतकापासून तो इंग्रजीत दिसतो. त्याची भावंडंही तुम्हाला माहीत आहेत : प्रोलाँग, इलाँगेटेड, लाँगिट्यूड.

पण ऑब्लाँग म्हणजे नक्की कोणता आकार? इथे माणसामाणसांत फरक पडतो. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं शाळेतली मुलं आयतालाच ऑब्लाँग म्हणत. तिथल्या एखाद्या आजोबांना विचारा, ते चार कोपऱ्यांची आकृती काढून दाखवतील. अमेरिकेत मात्र कोपरे नसलेल्या लांबट, गोलसर वस्तूलाही हा शब्द सहज वापरतात. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू आठवा. त्याला एकही कोपरा नाही, तरी तो ऑब्लाँगच.

गणितात हा शब्द जास्त काटेकोर आहे. चौरस हा आयताचाच एक प्रकार आहे, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. पण चौरस ऑब्लाँग नसतो. ज्या आयताची लांबी आणि रुंदी सारखी नाही, तोच ऑब्लाँग. तुमच्या प्रिंटरमधला ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो. तो ऑब्लाँग झाला. त्याची एक पट्टी कापून २१० बाय २१० चा तुकडा केलात, तर तो आयत राहील, पण ऑब्लाँग राहणार नाही.

वनस्पतिशास्त्रात त्याचा अर्थ पुन्हा वेगळा. ज्या पानाच्या दोन्ही कडा बराच अंतर समांतर जातात आणि ज्याची टोकं गोलसर असतात, त्या पानाला ऑब्लाँग म्हणतात. आपलं केळीचं पान त्यातलंच. आणि आणखी एक ऑब्लाँग तर तुमच्या डोक्यातच आहे! मेंदूचा जो सगळ्यात खालचा भाग मज्जारज्जूला जोडलेला असतो, त्याचं नाव मेडुला ऑब्लाँगाटा. मराठीत त्याला लंबमज्जा किंवा मस्तिष्कपुच्छ म्हणतात. तुमचा श्वास आणि तुमच्या हृदयाचे ठोके तो सांभाळतो. तुम्ही झोपलेले असतानासुद्धा.

म्हणजे कागद, चेंडू, पान आणि मेंदूचा तुकडा, सगळ्यांना एकच शब्द चालतो. कारण हा शब्द एकच गोष्ट सांगतो : एक बाजू दुसरीपेक्षा लांब आहे. कोपरे आहेत की नाहीत, वस्तू उभी आहे की आडवी, टोकाला बारीक होते की नाही, यातलं काहीच तो सांगत नाही. तो मोठ्या पिशवीसारखा आहे. त्यात काहीही मावतं.

आता मराठीकडे येऊ. शब्दकोशात किंवा फोनवरच्या भाषांतरात ऑब्लाँग टाकलं की बहुतेक वेळा उत्तर येतं : आयताकृती. उत्तर चूक नाही. त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. संस्कृतात 'आयत' म्हणजे ताणलेला, लांब पसरलेला. म्हणजे चौरस घ्या, एका बाजूनं ताणा, झाला आयत. यज्ञाच्या वेदी कशा आखायच्या हे सांगणारं 'बौधायन शुल्बसूत्र' सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं मानलं जातं. त्यात या आकाराला 'दीर्घचतुरस्र' म्हटलं आहे. दीर्घ म्हणजे लांब. आणि चतुरस्र या शब्दापासूनच आपला 'चौरस' शब्द तयार झाला. थोडक्यात, दीर्घचतुरस्र म्हणजे लांब चौरस! जॉर्ज थिबो या अभ्यासकानं १८७५ साली शुल्बसूत्रांवर इंग्रजीत लिहिलं, तेव्हा त्यानं या शब्दासाठी ऑब्लाँग हाच शब्द वापरला.

गंमत बघा. रॉबर्ट रेकॉर्ड नावाचा वेल्श गणितज्ञ होता. आपण गणितात बरोबरचं जे चिन्ह काढतो, दोन समांतर रेघांचं, ते त्यानंच १५५७ साली पहिल्यांदा छापलं. त्याआधी १५५१ साली त्यानं इंग्रजीत भूमितीचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं या आकाराला 'लाँग स्क्वेअर' म्हटलं. म्हणजे पुन्हा लांब चौरसच. बौधायनाचा आणि रेकॉर्डचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोघांनीही आधी चौरस बघितला आणि मग तो मनातल्या मनात ताणला.

तेव्हा भूमितीच्या वहीत 'आयत' आणि 'आयताकृती' हे शब्द खुशाल वापरा. पण बटाट्याला आयताकृती म्हणालात, तर ऐकणारा माणूस हसेल. त्याच्या डोळ्यांसमोर चार कोपऱ्यांचा बटाटा येईल. रोजच्या मराठीत लांब आकाराबद्दल बोलायचं असेल, तर आधी वस्तूला चार प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : कडा कशा आहेत? सरळ कडा आणि चार कोपरे असतील तर आयताकृती. कडा वळलेल्या असतील, कोपरे नसतील, तर लंबगोल. बटाटा लंबगोल, अंडं लंबगोल, रग्बीचा चेंडू लंबगोल. विज्ञानाच्या पुस्तकात ग्रहांच्या कक्षेला लंबवर्तुळाकार म्हणतात. तो याचाच शाळेत जाणारा भाऊ आहे असं समजा. बाजारात बटाटे घेताना कुणी लंबवर्तुळाकार म्हणत नाही.

दुसरा प्रश्न : वस्तू उभी आहे की आडवी? हा प्रश्न मराठी माणसाच्या मनात फार लवकर येतो. मराठी शब्दकोड्यात 'उभे शब्द' आणि 'आडवे शब्द' असतात. फोटो काढताना आई सांगते, "फोन आडवा धर, म्हणजे सगळे मावतील." लांबी वरच्या दिशेनं गेली असेल तर मराठीत म्हणतात उभट. चहाचा उभट डबा, उभट पेला. याच्या उलट, उंची कमी आणि पसारा जास्त असेल तर बसका. आडव्या पसरलेल्या लांब वस्तूला म्हणतात लांबट. लांबट टेबल, लांबट खोली. माणसाच्या चेहऱ्याला बहुतेक वेळा उभट म्हणतात, कारण चेहरा वरून खाली लांब असतो. इथे एक लक्षात ठेवा. इंग्रजीत लांब चेहरा म्हणजे दुःखी चेहरा. मराठीत उभट चेहऱ्याचा माणूस खदाखदा हसत असू शकतो. दुःख सांगायचं असेल, तर आपण म्हणतो, "त्याचा चेहरा पडला."

तिसरा प्रश्न : टोकाला काय होतं? टोकाकडे बारीक होत जाणारी वस्तू निमुळती. गाजर निमुळतं, मुळा निमुळता, मेणबत्तीची ज्योत निमुळती. आणि लांब असून रुंदीला अगदी कमी, अंग चोरून जावं लागेल अशी जागा असेल, तर ती चिंचोळी. चिंचोळी गल्ली, चिंचोळा जिना. नकाशात कोकण बघा. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी.

चौथा प्रश्न मला सगळ्यात आवडतो : ती लांबी तुम्हाला कशी वाटते? हा प्रश्न ऑब्लाँग कधीच विचारत नाही. लांबट म्हणजे थोडंसं लांब. पिवळट म्हणजे थोडंसं पिवळं, तसंच. लहानशी, हातात मावेल अशी वस्तू असेल तर लांबुळकी. या शब्दात थोडं कौतुक आहे. लांबसडक म्हणजे लांब, सरळ आणि बघायला छान. लांबसडक केस, लांबसडक बोटं, बासमती भाताचं लांबसडक शीत. पण लांबलचक म्हटलं, की थोडा कंटाळा आत शिरतो. लांबलचक भाषण, लांबलचक यादी. आणि शेवटच दिसत नसेल तर लांबच लांब : लांबच लांब रांग, लांबच लांब समुद्रकिनारा. तुमच्या मावशीच्या केसांना लांबसडक म्हणालात तर ती खूश होईल. लांबलचक म्हणालात तर ती आरशात बघेल.

इथे थोडं व्याकरणही बघू या. लांबट, उभट, लंबगोल, लांबसडक, लांबलचक हे शब्द बदलत नाहीत. लांबट डबा, लांबट पेटी, लांबट भांडं. पण जे शब्द 'आ'नं संपतात ते बदलतात. निमुळता दांडा, निमुळती काठी, निमुळतं टोक. चिंचोळा रस्ता, चिंचोळी गल्ली, चिंचोळं दार. लांबुळका, बसका हेही तसेच.

तुम्ही म्हणाल, एवढे शब्द कशाला? काम तर एका शब्दानंही भागतं. मग तुम्हाला माझ्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. ती १३ वर्षांची आहे. तिचा जन्म इंग्लंडमधला. तिची आजी, म्हणजे आईची आई, वाईला राहायची. गेल्या वर्षी आजी गेली. काही दिवसांनी मामानं घर आवरायला घेतलं. भांडीकुंडी नातेवाइकांत वाटायची होती. मामानं फोन करून भाचीला विचारलं, "तुला आजीची आठवण म्हणून काय ठेवू?"

तिला आजीचा पानाचा डबा हवा होता. पितळेचा. आजी पान खायची, आणि सुट्टीत नात आली की त्याच डब्यातली बडीशेप तिच्या हातावर ठेवायची. ती म्हणाली, "मामा, तो आयताकृती डबा."

मामा म्हणाला, "अगं, इथे पितळेचे पाच डबे काढून ठेवलेत. त्यातले चार आयताकृतीच आहेत. कुठला?"

त्या जुन्या घरात इंटरनेट नीट चालत नव्हतं. फोटो जात नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी येणार होती. मग मामा एकेक डबा हातात घेऊन विचारायला लागला.

"उभट आहे का गं?"

"नाही. बसका. आणि लांबट."

"बरं, मग दोन राहिले. कोपरे टोकदार आहेत?"

"नाही, गोलसर आहेत. हाताला लागत नाहीत."

"मग लंबगोलच म्हण की."

"लंबगोल नाही रे मामा. बाजू सरळ आहेत. फक्त कोपरे गोल आहेत. आणि कडीच्या बाजूला तो थोडा निमुळता आहे."

फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग झाकण उघडल्याचा आवाज आला. मामा म्हणाला, "यात अजून बडीशेप आहे गं."

तो डबा आता तिच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. पुढच्या शनिवारी तिनं ही गोष्ट वर्गात सांगितली. ती म्हणाली, "मामा विचारत गेला, तसा मला डबा दिसायला लागला. आधी मला फक्त आजीचा हात आठवत होता." मामानं तिला जे प्रश्न विचारले ते तुम्ही वर वाचलेच आहेत. त्यानं ते कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. मराठी बोलणारा माणूस हे प्रश्न मनातल्या मनात विचारतो आणि मग योग्य शब्द त्याच्या तोंडात येतो.

कधी कधी तर मराठी माणूस विशेषण वापरतच नाही. तो आकारालाच नाव देऊन टाकतो. चपटी, लांब, अरुंद वस्तू असेल तर ती पट्टी. तुमच्या दप्तरात असते ती मोजपट्टी. क्रिकेटच्या मैदानाच्या मधोमध असते ती खेळपट्टी, २२ यार्ड लांब आणि १० फूट रुंद. मघाशी बघितली ती कोकणपट्टी. खडूची असते कांडी. काडेपेटीत असते काडी. कागद गुंडाळला की झाली सुरळी, आणि बेसनाची पातळ पोळी तशीच गुंडाळली की झाली सुरळीची वडी. पीठ मुठीत दाबून जो लांबुळका गोळा होतो, तो मुटका. मुटक्याचा आकार कसा, असं कुणी विचारलं, तर नुसती मूठ मिटून दाखवा. त्याच्यावर बोटांचे ठसे असतात. इंग्रजीत त्यालाही ऑब्लाँग म्हणता येईल, पण त्यात ती मूठ दिसणार नाही.

आता 'लांब' या शब्दाकडेच बघू. इंग्रजी 'लाँग' आणि मराठी 'लांब' ऐकायला जवळचे वाटतात. पण त्यांचं नातं नाही. लांब हा शब्द संस्कृत 'लम्ब्' या धातूपासून आला. त्याचा मूळ अर्थ लोंबणं, खाली लटकणं. एकदा हे कळलं की कितीतरी शब्दांची दारं उघडतात. घड्याळात लटकतो तो लंबक. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. गणपती लंबोदर आहे, म्हणजे त्याचं उदर, त्याचं पोट, लोंबतं आहे. गाढवाला लंबकर्ण म्हणतात, कारण त्याचे कान लांब आहेत. एखादं काम लटकत राहिलं की होतो विलंब. शास्त्रीय गाण्यातली संथ लय म्हणजे विलंबित लय. आणि भूमितीत 'लंब' म्हणजे काटकोनात उभी असलेली रेषा. तिथे त्याचा अर्थ लांब असा नाही, बरं का! ओळंब्याची दोरी आठवा. ती खाली सोडली की जमिनीशी काटकोन करते.

लटकणं आणि लांब होणं यांचं नातं बघायचं असेल, तर पडवळाचा वेल बघा. पडवळ ही सापासारखी लांब फळभाजी. ती मांडवावरून खाली लोंबते. मोकळी सोडली तर वाकडीतिकडी होते. म्हणून अनेक ठिकाणी कोवळ्या पडवळाच्या टोकाला छोटासा दगड बांधतात. दगडाच्या ओढीनं पडवळ सरळ वाढतं. संस्कृतातला 'लम्ब्' आणि मराठीतलं 'लांब' तिथे एकाच वेलावर लटकलेले दिसतात.

काही खड्डेही दाखवते, म्हणजे पाय अडकणार नाही. "माझा दादा लांब आहे" असं म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल, तो दुसऱ्या गावी आहे. माणूस उंच असतो. झाड उंच असतं. इमारतही उंच. दुसरा खड्डा मोठा गमतीचा आहे. इलाँगेटेड म्हणजे लांब केलेलं, म्हणून काहीजण 'लांबवलेलं' असा शब्द तयार करतात. पण मराठी वर्तमानपत्रात "चोरांनी दागिने लांबवले" असं छापून येतं. लांबवणं म्हणजे चोरून नेणं! मीटिंग लांबवता येते, म्हणजे जास्त वेळ चालू ठेवता येते. पण "ही लांबवलेली पेटी आहे" असं कुणाला सांगू नका. तिसरा खड्डा : 'आयत' आणि 'आयता' हे वेगळे शब्द आहेत. आयता म्हणजे स्वतः कष्ट न करता तयार मिळालेला. "मला आयता डबा मिळाला" म्हणजे डबा चौकोनी होता असं नाही. तो दुसऱ्या कुणीतरी भरून दिला होता.

'लांब' शब्दाचा एक अर्थ मात्र तुम्ही लहानपणापासून ऐकत असाल. दूर. "आम्ही लांब राहतो." "विमानतळ लांब आहे." "तो आमचा लांबचा नातेवाईक." मराठीत वस्तूची लांबी आणि दोन माणसांमधलं अंतर यांना एकच शब्द पुरतो. इंग्रजीत त्यासाठी दोन शब्द लागतात. म्हणजे इतका वेळ आपण मराठीत किती बारीक फरक आहेत ते बघत होतो, आणि इथे मराठीनंच दोन गोष्टी एका पिशवीत टाकल्या! कुठलीच भाषा सगळीकडे श्रीमंत किंवा सगळीकडे गरीब नसते. ती कुठे थांबून बघते आणि कुठे थांबत नाही, एवढाच फरक असतो. म्हणून एका भाषेतल्या शब्दासमोर दुसऱ्या भाषेतला एकच शब्द लिहून ठेवला, की बहुतेक वेळा काहीतरी निसटतं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे आजी-आजोबा लांब राहतात. त्यांच्याशी फोनवर बोलताना "कसे आहात?", "मी बरा आहे", "जेवलो" एवढ्यावर बोलणं संपतं, असं मुलं मला सांगतात. पुढे काय बोलायचं ते सुचत नाही. मला वाटतं, अशा वेळी आकार कामाला येतात. तुमची नवी खोली कशी आहे ते सांगा. लांबट आहे की चौकोनी? खिडकी उभट आहे की बसकी? शाळेचा रस्ता चिंचोळा आहे का? शाळेत आज काय खाल्लं, ते दिसायला कसं होतं? हे ऐकणाऱ्याला तुमचं घर दिसायला लागतं. मग तोही विचारतो, आणि बोलणं आपोआप पुढे सरकतं.

आता तुमची पाळी. घरातल्या पाच लांब वस्तू निवडा. पाचही वेगळ्या असू द्या. एक स्वयंपाकघरातली, एक दप्तरातली, एक बाहेरची, एक खाण्याची आणि एक जुनी. प्रत्येक वस्तूला ते चार प्रश्न विचारा : कडा कशा? उभी की आडवी? टोकाला काय होतं? आणि मला ती कशी वाटते? उत्तरं वहीत एकेका वाक्यात लिहा. मग घरातल्या कुणालातरी, किंवा फोनवर लांबच्या कुणालातरी, वस्तूचं नाव न घेता ती वाक्यं वाचून दाखवा. हातवारे करायचे नाहीत.

त्यांनी वस्तू ओळखली, तर तुमचा शब्द बरोबर होता. नाही ओळखली, तर शब्दकोश उघडायची घाई करू नका. आधी ती वस्तू पुन्हा एकदा हातात घेऊन बघा.